पॅराहायड्रोजनला ‘समांतर हायड्रोजन’ म्हणावं का?

बडोद्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे: ‘आमच्या मंडळात हायड्रोजन इंधनावर बोलायचं आहे. टिपण काढताना पॅराहायड्रोजन हा शब्द आला. पॅरलल म्हणजे समांतर, मग समांतर हायड्रोजन असं लिहू का? आणि पॅरासिटामॉलमधला पॅरा तो हाच का?’

समांतर नको. हा शब्द नुसता अवघड नाही, तो नेमका उलटा अर्थ सांगतो.

हायड्रोजनच्या रेणूत दोन प्रोटॉन असतात आणि प्रत्येकाला स्पिन, म्हणजे स्वतःभोवती फिरण्यासारखा एक अंगभूत गुण, असतो. दोघांचे स्पिन एकाच दिशेला, म्हणजे समांतर असले तर तो ऑर्थोहायड्रोजन. परस्परविरुद्ध असले आणि एकूण स्पिन शून्य झाला तर तो पॅराहायड्रोजन. समांतर म्हणायचंच झालं तर ते ऑर्थोला म्हणावं लागेल. पॅरा आणि पॅरलल यांचं ग्रीक मूळ एकच, ‘शेजारी’ या अर्थाचं, म्हणून घोटाळा होणं साहजिक आहे.

मग ‘विरुद्ध हायड्रोजन’ म्हणू या का? तेही जमत नाही, आणि याचं कारण मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडतं. ही नावं स्पिनच्या दिशेवरून पडलेलीच नाहीत. ती आली हेलियमवरून. त्याच्या वर्णपटात रेषांचे दोन गट दिसले, त्यांना ऑर्थो आणि पॅरा म्हणू लागले. पुढे संकेत ठरला तो वाट्याचा: ज्या गटाला जास्त स्थिती (स्पिनच्या मांडणीचे शक्य प्रकार) उपलब्ध तो ऑर्थो, ज्याला कमी तो पॅरा. साध्या हायड्रोजनमध्ये ऑर्थोला तीन स्थिती आणि पॅराला एकच, म्हणून खोलीच्या तापमानाला ७५ टक्के ऑर्थो आणि २५ टक्के पॅरा असं मिश्रण मिळतं. ड्यूटेरियममध्ये, म्हणजे जड हायड्रोजनमध्ये, हे प्रमाण दोनास एक असतं, आणि खूप गार केल्यावर तिथे उरतो तो ऑर्थो! साध्या हायड्रोजनमध्ये गारठ्यात पॅरा उरतो. दिशेवरून मराठी नाव ठेवलं तर ड्यूटेरियमपाशी ते मोडून पडेल.

बडोद्याला प्रतिशब्दांची हौस जुनी आहे. सयाजीरावांच्या राज्यात १९३१ साली कारभारातल्या शब्दांचा बहुभाषी कोशच निघाला होता. पण कारभाराच्या शब्दाला अर्थ असतो, तो दुसऱ्या भाषेत नेता येतो. इथला ‘पॅरा’ ही नुसती खूण आहे. खुणेचं भाषांतर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पॅरासिटामॉलचा पॅरा वेगळा. तिथे बेंझिनच्या षटकोनी कड्यातल्या समोरासमोरच्या जागा अभिप्रेत आहेत. त्या कड्यावर ऑर्थो, मेटा, पॅरा अशा तीन जागा असतात. मेटाहायड्रोजन नावाचं काही नाही, यावरूनच दोन्ही कुळं निराळी हे कळतं. आणि कृपा करून पॅराहायड्रोजनला ‘समस्थानिक’ (आयसोटोप) ही म्हणू नका. अणू तेच आहेत, फक्त स्पिनची मांडणी वेगळी. ‘स्पिन समघटक’ हा शब्द बरोबर.

आता इंधनाचं. बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत डिझेलमधलं गंधक काढायला हायड्रोजन वायू लागतो, तिथे ऑर्थो-पॅराचा विचार करावा लागत नाही. द्रव हायड्रोजनची गोष्ट निराळी. रेणूच्या फिरण्याची सर्वांत खालची पायरी, म्हणजे अजिबात न फिरणं, पॅराच्या वाट्याला येते. ऑर्थो कितीही गार केला तरी फिरायचा थांबत नाही. ७७ केल्विनला, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, समतोल निम्मानिम्मा असतो. २० केल्विनला, म्हणजे उणे २५३ अंश सेल्सिअसला, ९९.८ टक्के पॅरा. मात्र हा बदल आपोआप फार सावकाश होतो. वायू झटपट द्रव केला तर तीन चतुर्थांश ऑर्थो तसाच राहतो, आणि टाकीत सावकाश पॅरा होताना किलोमागे सुमारे ५२७ किलोज्यूल उष्णता सोडतो. द्रवाची वाफ व्हायला लागतात सुमारे ४४६ किलोज्यूल. बाहेरून उष्णतेचा कण आत शिरला नाही तरी द्रव आतूनच उकळून उडून जातो! म्हणून द्रव करतानाच फेरिक ऑक्साइडसारख्या उत्प्रेरकावरून नेऊन त्याचा पॅरा करून घेतात. १९२९ मध्ये बोनहोफर आणि हार्टेक या शास्त्रज्ञांनी कोळशावर हेच करून जवळजवळ शुद्ध पॅराहायड्रोजन मिळवला होता. भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गना १९३२ चं नोबेल देताना हायड्रोजनच्या या दोन रूपांचा उल्लेख मानपत्रात आला, इतका हा शोध मोलाचा.

एकदा केलेला पॅरा उत्प्रेरकापासून दूर ठेवला तर खोलीच्या तापमानालाही बराच टिकतो, आणि शास्त्रज्ञांना तो उपयोगी पडतो तो यामुळेच. एकूण स्पिन शून्य असल्याने त्याचा स्वतःचा चुंबकीय अनुनाद संकेत (एमआरआय ज्यावर चालतो तो) मिळत नाही. पण उत्प्रेरकाच्या मदतीने त्याचे दोन अणू दुसऱ्या रेणूला जोडले की ती दडलेली शिस्त उघड होते आणि त्या रेणूचा संकेत हजारो पटींनी वाढू शकतो. बॉवर्स आणि वाइटेकॅम्प यांनी हे १९८६ मध्ये भाकीत केलं आणि पुढच्याच वर्षी करून दाखवलं. एमआरआयमध्ये पेशींची चयापचय क्रिया पाहण्यासाठी यावरच काम चालू आहे. शिवाय मंद न्यूट्रॉन त्यात फारसे विखुरत नाहीत, म्हणून जपानच्या जे-पार्क या संशोधन केंद्रात न्यूट्रॉन गार करायला द्रव पॅराहायड्रोजन वापरतात.

टिपणात पहिल्या उल्लेखाला एवढं लिहा: ‘पॅराहायड्रोजन, म्हणजे ज्याच्या रेणूतल्या दोन प्रोटॉनांचे स्पिन परस्परविरुद्ध असतात असा हायड्रोजन’. पुढे नुसतं पॅराहायड्रोजन, एकच शब्द, जोडून, षष्ठी ‘पॅराहायड्रोजनचा’. टाइप करताना ‘पॅ’ मात्र तपासून घ्या, त्याच्या जागी ‘पा’ पडला की ‘पारा’ होतो आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर थर्मामीटर येतो.