पैठणी रंग का बदलते?

प्रश्न : आजीची पैठणी समोरून जांभळी दिसते, बाजूने हिरवी. रंग उडाला असेल का? फोटोत मात्र एकच रंग येतो. (वाचक, पैठण)

उत्तर : रंग उडालेला नाही, ही धूपछाव आहे. ताणा (उभे धागे) एका रंगाचा, बाणा (आडवे धागे) दुसऱ्या. खात्री करायची तर पदराच्या टोकाला सुटलेले धागे पाहा. ते ताण्याचे असतात, त्यामुळे तिथे एकच रंग दिसतो. तुमच्या साडीत तो बहुधा जांभळा किंवा हिरवा निघेल.

रेशमाचा धागा गुळगुळीत, जणू बारीक काचेची कांडी. त्याच्यावर आडवा येणारा उजेड तो जास्त चमकवतो, लांबीच्या दिशेने येणारा कमी. ताणा-बाणा एकमेकांना काटकोनात, म्हणून उजेडाची दिशा बदलली की एकदा हा रंग वर येतो, एकदा तो. ट्यूबलाइट बंद करा, साडी एकाच खिडकीजवळ धरा आणि सपाट ठेवून ९० अंशांत फिरवा, लगेच कळेल. निऱ्यांमध्ये ही गंमत जास्त खुलते, कारण प्रत्येक चुणीचा कोन वेगळा.

उडालेला रंग मात्र कसाही फिरवला तरी जागचा हलत नाही, आणि अनेकदा घडीच्या रेषेवर फिका पडतो.

फोटो काढताना फ्लॅश नको. समोरून आलेला उजेड सगळी मजा मारतो. कापड चुण्या पाडून ठेवा, खिडकी एका बाजूला हवी.