फुल स्क्रीन की नुसतीच मोठी विंडो?

ऑटोहॉटकी, म्हणजे विंडोजवर छोट्या स्क्रिप्ट लिहून कळा आणि विंडो हाताळायचा प्रोग्रॅम. त्याबद्दल या वेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांत गाऱ्हाणं एकच आहे: समोरची विंडो फुल स्क्रीन आहे का, हे स्क्रिप्टला नीट कळत नाही. कळणार तरी कसं? विंडोज प्रत्येक विंडोपुढे ‘फुल स्क्रीन: हो किंवा नाही’ अशी नोंद ठेवतच नाही. आपण लावतो तो अंदाज. तो कशावरून लावायचा, हे तो कशासाठी हवा आहे त्यावर ठरतं.

प्रश्न: विनगेटपॉसने विंडोची रुंदी-उंची काढतो आणि ती स्क्रीनएवढी किंवा जास्त असेल तर फुल स्क्रीन धरतो. ऑफिसात स्क्रिप्ट बिनचूक चालते. घरच्या लॅपटॉपवर मात्र साधं वर्ड मोठं केलं तरी फुल स्क्रीन म्हणते. दोन्हीकडे विंडोज १०, स्क्रीन १९२० बाय १०८०, स्केलिंग (अक्षरं-चित्रं मोठी दाखवायची सेटिंग) १०० टक्के.

घरी टास्कबार आपोआप लपण्यावर ठेवला आहे ना? मग चोर सापडला.

मॅक्सिमाइझ केलेली विंडो स्क्रीनच्या कडेला बरोबर टेकत नाही. तिची ताणायची चौकट चारही बाजूंनी बाहेर जाते, तुमच्या स्केलिंगवर ८ पिक्सेल. म्हणून विनगेटपॉस डावी-वरची जागा उणे ८, उणे ८ सांगतं आणि रुंदी १९३६. उंचीतून टास्कबारचे ४० पिक्सेल वजा होतात, म्हणजे ऑफिसात ती १०५६ भरते. १०८० पेक्षा कमी, म्हणून तुमची अट तिथे वाचते. घरी टास्कबार लपलेला, त्यामुळे उंची होते १०९६. अट फसली. ऑफिसातली स्क्रिप्ट बरोबर होती असं नाही, टास्कबारने तिची लाज राखली होती.

मापासोबत विंडोची स्टाइलही, म्हणजे तिच्या रूपाच्या खुणांची नोंद, तपासा. विनगेटस्टाइल जो आकडा देतं, त्यात टायटल बारची खूण असते. खऱ्या फुल स्क्रीनमध्ये जाताना ब्राउझर, व्हिडिओ प्लेअर आणि बहुतेक गेम ती खूण काढून टाकतात. नुसत्या मॅक्सिमाइझ केलेल्या विंडोत ती राहते. गंमत म्हणजे क्रोमसारखे प्रोग्रॅम टायटल बार स्वतःच्या पद्धतीने रंगवतात, डोळ्यांना नेहमीचा बार दिसत नाही, पण स्टाइलमध्ये खूण जागच्या जागी असते. तेव्हा अट अशी ठेवा: विंडोने मॉनिटर पूर्ण झाकला आहे आणि टायटल बारची खूण नाही. दोन्ही एकत्र. एकटी कुठलीही अट कधीतरी तोंडघशी पाडते.

प्रश्न: सगळ्या विंडो खाली केल्या की स्क्रिप्ट म्हणते फुल स्क्रीन चालू आहे. डेस्कटॉपवर तर काहीच नसतं!

असतं. डेस्कटॉप हीसुद्धा एक विंडोच आहे, स्क्रीनभर आणि टायटल बार नसलेली. तिचा क्लास, म्हणजे विंडोच्या प्रकाराचं अंतर्गत नाव, ‘प्रोगमॅन’ किंवा ‘वर्करडब्ल्यू’ असतो. ही दोन नावं सुरुवातीलाच वगळा. हा खड्डा प्रत्येकाला एकदा लागतोच, मलाही लागला होता.

प्रश्न: मी शिक्षिका आहे. दर वीस मिनिटांनी ‘पाणी प्या’ असा निरोप दाखवणारी स्क्रिप्ट मुलाने करून दिली. वर्गात प्रोजेक्टरवर पॉवरपॉइंट चालू असताना तो निरोप येऊ नये म्हणून फुल स्क्रीनची तपासणी घातली, तरी येतोच. मुलं हसतात.

तुमच्या मुलाची स्क्रिप्ट सक्रिय विंडो तपासत असणार. प्रोजेक्टर जोडला की स्लाइड्स तिकडे जातात, लॅपटॉपवर टिपणांचा प्रेझेंटर व्ह्यू उरतो आणि बऱ्याचदा सक्रिय असतो तोच. त्याला सांगा, सक्रिय काय आहे ते विचारू नकोस. ‘स्क्रीनक्लास’ या क्लासची विंडो कुठेही अस्तित्वात आहे का, एवढंच विनएक्झिस्टला विचार. पॉवरपॉइंटच्या चालू स्लाइड शोचा तो क्लास आहे.

तुमच्या कामाला आणखी सरळ वाट आहे. तुम्हाला फुल स्क्रीनशी देणंघेणं नाही, ‘आत्ता मध्ये बोलू का?’ एवढंच हवं आहे. हे विंडोज स्वतः सांगतं. विंडोजच्या शेल३२ या फाइलमधलं एसएच-क्वेरी-यूजर-नोटिफिकेशन-स्टेट हे फंक्शन ऑटोहॉटकीच्या डीएलएलकॉलने बोलवायचं. उत्तर २ म्हणजे फुल स्क्रीन काहीतरी चालू आहे, ३ म्हणजे डायरेक्टथ्रीडीचा पूर्ण पडद्याचा गेम, ४ म्हणजे प्रेझेंटेशन मोड, १ म्हणजे स्क्रीन लॉक आहे किंवा स्क्रीनसेव्हर लागला आहे. ५ आलं तरच निरोप दाखवा. (६ सुद्धा आहे: नव्या वापरकर्त्याने पहिल्यांदा लॉग-इन केल्यानंतरचा पहिला तास. नव्या सुनेला लगेच कामाला लावू नये, इतकी समज विंडोजला आहे.) मात्र कुठली विंडो, कुठल्या मॉनिटरवर, हे फंक्शन सांगत नाही. पाण्याच्या निरोपाला त्याची गरजही नाही.

प्रश्न: दोन मॉनिटर आहेत. डावीकडच्यावर व्हिडिओ फुल स्क्रीन केला तर स्क्रिप्टला पत्ताच लागत नाही.

ए-स्क्रीनविड्थ आणि ए-स्क्रीनहाइट फक्त मुख्य मॉनिटरचं माप देतात. दुसऱ्याचं माप वेगळं असू शकतं. शिवाय मुख्य मॉनिटरच्या डावीकडच्या पडद्याचे आडवे आकडे उणे असतात, त्यामुळे ‘शून्यापासून सुरू होते का’ ही अटही चुकते. मॉनिटरगेटकाउंट आणि मॉनिटरगेट वापरून प्रत्येक मॉनिटरच्या चार कडा घ्या आणि विंडोच्या कडांशी ताडा. एकावर १०० आणि दुसऱ्यावर १५० टक्के स्केलिंग असेल तर आकडे आणखी घोळ घालतात. तेव्हा मोजण्यापूर्वी विंडोजच्या सेट-थ्रेड-डीपीआय-अवेअरनेस-कॉन्टेक्स्ट या फंक्शनला डीएलएलकॉलने उणे ३ द्या, म्हणजे खरे पिक्सेल मिळतील.

प्रश्न: अर्ध्या सेकंदाचा टायमर लावून सारखं तपासत राहणं वाईट नाही का? विंडो बदलल्यावरच तपासलं तर?

यूट्यूबवर एफ११ दाबलं तर सक्रिय विंडो बदलते का? नाही, तीच राहते, फक्त मोठी होते. मग ‘विंडो बदलली’ ही सूचना स्क्रिप्टला मिळणारच नाही. अर्ध्या सेकंदाला दोन-चार आकडे ताडण्याचा भार प्रोसेसरला जाणवत नाही. टायमर खुशाल ठेवा. फुल स्क्रीनमध्ये एखादी कळ बंदच करायची असेल तर टायमरही नको. ‘#हॉटइफ’च्या (कळ कधी लागू व्हावी हे ठरवणारी ओळ) अटीत तपासणीचं फंक्शन घाला, कळ दाबली की ते आपोआप चालेल. जुन्या उदाहरणात त्याजागी ‘#इफ’ दिसलं तर ते ऑटोहॉटकीच्या पहिल्या आवृत्तीचं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ते चालत नाही.

प्रश्न: उबुंटू लिनक्सवर हेच कसं करायचं?

लिनक्सवर विंडो दाखवायच्या दोन पद्धती आहेत, जुनी एक्स११ आणि नवी वेलँड. एक्स११ चं सत्र असेल तर तुम्ही आमच्यापेक्षा सुखी आहात. तिथे विंडोवर फुल स्क्रीनची नोंद खरोखरच असते. टर्मिनलमध्ये एक्सप्रॉप चालवून विंडोवर क्लिक केलंत की ‘नेट-डब्ल्यूएम-स्टेट’ या ओळीत दिसेल. उबुंटू २१.०४ पासून मात्र बहुतेक संगणकांवर वेलँड हेच मूळ सत्र आहे, आणि वेलँड एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या विंडोत डोकावू देत नाही. तिथे ग्नोमचं (उबुंटूच्या डेस्कटॉपचं) एक्स्टेन्शन लिहावं लागतं, नाहीतर सत्र कुठलं आहे ते आधी पाहून, मिळत असेल तर लॉग-इनच्या वेळी एक्स११ निवडायचं.