रेडिएटरमध्ये गुडगुड, जमिनीखाली टकटक, बॉयलरमध्ये घरघर: बॉयलर बदलावाच लागेल का?

तुम्ही तीन आवाज सांगितलेत: हीटिंग (बॉयलरमध्ये तापलेलं पाणी पाइपांतून रेडिएटरमध्ये फिरवून घर गरम ठेवायची व्यवस्था) सुरू होताना लाकडी जमिनीखालून टकटक, वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरमध्ये गुडगुड आणि बॉयलर तापला की किटलीसारखी घरघर. आणि शेवटी जाता जाता लिहिलंत की प्रेशरचा काटा सारखा खाली येतो, दर दोन-तीन आठवड्यांनी पाणी भरावं लागतं. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे शेवटचं वाक्य. त्याचा उलगडा होईपर्यंत नव्या बॉयलरला होकार देऊ नका.

मी हीटिंग दुरुस्तीची कामं करतो. आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो हे मी आधी विचारतो, कारण वर्णन प्रत्येक जण आपापल्या परीने करतो, पण वेळ चुकत नाही. बर्नर पेटलेला असतानाच येतो? बर्नर विझला, नुसता पंप फिरतोय, तेव्हाही येतो? की सगळं बंद होऊन निवताना? एकदा पूर्ण वेळ बॉयलरपाशी बसून एवढं लिहून काढा. जागा सापडत नसेल तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपवर ठेवून मूठ कानामागच्या हाडाला टेकवा, आवाज नेमका कुठून येतोय ते लगेच कळतं.

टकटकीची काळजी सोडा. तांब्याचा 10 मीटर पाइप 20 अंशांवरून 70 अंशांवर गेला की सुमारे 8 मिलिमीटर लांबतो. लाकडाच्या खाचेत तो घट्ट बसला असेल तर आधी अडून राहतो, मग झटक्याने सुटतो, आणि प्रत्येक वेळी टक् वाजतं. निवताना हेच उलट दिशेने होतं. खाच थोडी मोठी करून पाइपखाली फेल्टची पट्टी सरकवली की आवाज थांबतो. जमीन उकलायची नसेल तर पाणी कमी तापवून हीटिंग जास्त वेळ चालवा, बराच फरक पडेल.

गुडगुड म्हणजे हवा. हीटिंग बंद करून रेडिएटर निवू द्या, वरच्या कोपऱ्यातला स्क्रू किल्लीने अगदी थोडा सैल करा. आधी फुस्स करून हवा निघेल, पाणी आलं की लगेच बंद करा, आणि शेवटी थंड अवस्थेतलं प्रेशर 1 ते 1.5 बार आहे ना ते बघा. पण चार दिवसांत गुडगुड परत आली तर नुसती हवा काढत बसू नका. बंद हीटिंगमध्ये तेच पाणी वर्षानुवर्षं फिरायला हवं. त्यातला ऑक्सिजन एकदा संपला की गंजणंही जवळजवळ थांबतं. तुम्ही मात्र पुन्हा पुन्हा ताजं पाणी भरताय. त्यात विरघळलेली हवा तापल्यावर सुटते आणि वरच्या रेडिएटरमध्ये साठते. ऑक्सिजन पोलाद खातो, त्याचा काळा गाळ तळाशी बसतो. असा रेडिएटर खालून गार लागतो. हवा साठलेला वरून गार लागतो.

घरघरीचा उगमही बहुतेक तिथलाच. नव्या पाण्याबरोबर क्षार येतात. चुन्याचा क्षार गरम पाण्यात कमी विरघळतो, म्हणून तो नेमका सगळ्यात तापलेल्या जागी, म्हणजे हीट एक्स्चेंजरच्या (बर्नरची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाच्या) आत, थर धरतो. थराखाली अडकलेलं पाणी तिथल्या तिथे उकळतं. बाहेरचा आकडा 70 दाखवत असला तरीही. वाफेचे बुडबुडे लगेच फुटतात आणि बॉयलर घुमतो. गाळाने वाट अडून प्रवाह मंदावला तरी असाच आवाज येतो. खात्री करायची असेल तर बॉयलरचं तापमान 55 पर्यंत उतरवा. घरघर गेली किंवा खूप कमी झाली, तर हेच निदान. रसायनाने आतून धुऊन, नंतर गंजरोधक घातलं की बॉयलर बऱ्याचदा शांत होतो. पण पाणी कुठे जातंय ते शोधण्याआधी हा खर्च केलात तर थर पुन्हा बसेल.

पाणी शोधायचं ते काट्यावरून. थंड असताना 1 बार आणि पूर्ण तापल्यावर 3 च्या जवळ, असं असेल तर एक्स्पान्शन टाकीतली (पडद्याच्या एका बाजूला हवा असलेली, फुगलेल्या पाण्याला जागा देणारी टाकी) हवा गेली आहे. तापून फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही, 3 बारवर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी घराबाहेरच्या नळीतून निघून जातं. घरात कुठे ओल दिसत नाही ती यामुळेच. त्या नळीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी सैलसर बांधून ठेवा, दुसऱ्या दिवशी उत्तर मिळेल. टाकीच्या हवेच्या व्हॉल्व्हची पिन क्षणभर दाबा. पाणी आलं तर आतला पडदा फाटलाय, टाकी बदलावी लागेल. पाणी आलं नाही तर कारागिराकडून हवा भरून घ्या. त्यासाठी आधी पाण्याचं प्रेशर शून्यावर आणावं लागतं. काटा तापल्यावर फारसा चढत नसेल आणि तरी हळूहळू उतरत असेल तर गळती जोडांत आहे. प्रत्येक रेडिएटरच्या व्हॉल्व्हला कोरडा कागदी रुमाल लावून बघा, हिरवे-पांढरे डाग शोधा.

एका आवाजाला मात्र थांबू नका. गॅसचा बर्नर पेटताना धप्प असा दणका बसत असेल तर न जळलेला गॅस साठून एकदम पेटतोय. बॉयलर तत्काळ बंद करा आणि परवानाधारक गॅस कारागिराला बोलवा. बर्नरचं झाकण स्वतः उघडू नका.

थंड आणि पूर्ण तापलेल्या अवस्थेतले काट्याचे दोन्ही आकडे इथे लिहा. टाकी की जोड, ते त्यावरून सांगता येईल.