वेगात बराच फरक असलेल्या सायकलस्वारांची एकत्र राइड कशी आखावी?

तुम्ही लिहिलंय की ग्रुपमध्ये सोळा जण आहेत. तीन-चार जण सपाटीवर ताशी ३० किलोमीटरने सहज जातात, बाकीचे २०-२२ ने, आणि दोघा-तिघांनी सायकल नुकतीच घेतलीय. सारखं थांबावं लागतं म्हणून पुढचे कुरकुरतात. मागचे एक-दोनदा येतात आणि मग येईनासे होतात.

सोळाही जण पहिल्यापासून शेवटपर्यंत एका घोळक्यात चालतील, ही अपेक्षा आधी सोडा. तसं होत नाही आणि व्हायची गरजही नाही. निघायचं एकत्र, थांबायचं एकत्र, परतायचं एकत्र. मधल्या टप्प्यात ज्याने त्याने आपापल्या वेगाने जावं. मिश्र राइड बिघडतात तेव्हा बहुतेक वेळा कुठे थांबायचं, तिथून कधी निघायचं आणि शेवटच्या माणसासोबत कोण राहणार, यातलं काहीच आधी ठरलेलं नसतं.

सपाट रस्त्यावर वेगातला फरक बराचसा झाकता येतो. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे २० वरून २५ वर गेलात की नुसत्या हवेपोटी जवळपास दुप्पट जोर लागतो. दुसऱ्याच्या मागे राहिलं की यातला चांगला मोठा हिस्सा वाचतो. नवख्या माणसाला अर्ध्या मीटरवर चिकटायला सांगू नका. एका सायकलीएवढं अंतर ठेवूनही आडोसा मिळतो आणि ब्रेक मारायला जागा राहते. आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी कधीही आणायचं नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी सांगा. पुढचा जरा बाजूला सरकला की चाकं घासतात आणि पडतो तो मागचा.

कमी दमाच्या माणसाला रांगेत तिसरा किंवा चौथा ठेवा. बहुतेक ग्रुपमध्ये तो आपोआप शेवटी ढकलला जातो आणि सगळ्यात जास्त मार तिथेच बसतो. समजा बारा जण एका रांगेत आहेत आणि रांग साधारण ३६ मीटर लांब आहे. वळणावर सगळ्यांचा वेग १२ पर्यंत उतरतो. पहिला वळणातून बाहेर पडतो आणि लगेच २५ पकडतो. शेवटचा वळणात पोचतो अकरा सेकंदांनी. त्यानेही तितक्याच जोमाने वेग घेतला, तरी तोवर रांग ताणून ७५ मीटरच्या आसपास झालेली असते. हे वाढलेलं ४० मीटर अंतर भरून काढायला त्याला २८ च्या वेगाने जवळपास ५० सेकंद दामटावं लागतं. तेवढ्यात पुढचा सिग्नल येतो. असं दहा-बारा वेळा झालं की त्याचे पाय संपतात आणि पुढच्याला पत्ताही नसतो, कारण त्याच्या मीटरवर वेग सगळा वेळ माफकच दिसत असतो.

उपाय साधा आहे, पण लीडरला अंगवळणी पाडून घ्यावा लागतो. प्रत्येक वळण, सिग्नल आणि गतिरोधकानंतर १५ च्या आसपास रेंगाळायचं. शेवटच्याने ‘सगळे आले’ अशी हाक द्यायची, ती एकेकाने पुढे सरकवायची आणि हाक पोचली की मगच वेग वाढवायचा.

म्हणूनच सगळ्यात तगड्या माणसाला लीडर करू नये असं माझं मत आहे. मधल्या ताकदीचा, मागे वळून पाहण्याची सवय असलेला माणूस बरा. तगडे पुढे आले तर एकच नियम: वारा जास्त वेळ खायचा, वेग मात्र तोच ठेवायचा. दोघं शेजारी-शेजारी चालत असतील तर एक जण सतत अर्धं चाक पुढे काढतो, दुसरा त्याला गाठतो, आणि दहा मिनिटांत ग्रुपचा वेग कुणाच्याही नकळत तीनने वाढलेला असतो. हे दिसलं की लगेच टोका. पहिली वीस मिनिटं तर मुद्दाम हळू चालवा. अंग गरम व्हायच्या आधी दम लागला, तर नवखा माणूस उरलेल्या राइडभर सावरत नाही.

चढावर यातलं काहीच चालत नाही. वेग कमी असल्याने आडोशाचा फायदा जवळजवळ उरत नाही, सगळी लढाई वजनाशी असते. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो असतील, तर ६ टक्के चढावर ताशी १० किलोमीटरने जायला नुसतं वजन वर चढवण्यात १३० वॅट लागतात. चार किलोमीटरचा चढ कुणी १४ ने चढला तर १७ मिनिटं, ८ ने चढला तर ३० मिनिटं. हा तेरा मिनिटांचा फरक कुणाच्या आळसामुळे पडत नाही आणि समजुतीने मिटतही नाही. तेव्हा चढाच्या पायथ्याशी सगळ्यांना मोकळं सोडा आणि वर भेटायची जागा आधी सांगून ठेवा. ती अगदी माथ्यावर किंवा वळणावर नको. थोडं पुढे, रस्ता सोडून उभं राहता येईल अशी जागा बघा.

ज्यांना व्यायाम हवा असतो त्यांनी वर पोचल्यावर, पुढे-मागे स्पष्ट दिसतंय अशा ठिकाणी वळून खाली शेवटच्या माणसापर्यंत यावं आणि पुन्हा चढावं. त्यांचं पोट भरतं आणि वर ताटकळत अंगही गार पडत नाही. दमलेल्याच्या पाठीला हात लावून ढकलणं मात्र नको. सवय नसलेले दोघे असं करायला गेले की दोघेही पडतात.

आता विश्रांती. इथे भलेभले ग्रुप चुकतात. पुढचे दहा मिनिटं आधी पोचलेले असतात, त्यांचं पाणी पिऊन झालेलं असतं, आणि शेवटचा पोचला की ‘चला, आले सगळे’ म्हणत निघतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. दोन-तीन थांब्यांनंतर तो गळतो आणि पुढच्या वेळी येत नाही. थांब्याची वेळ शेवटचा माणूस पोचल्यापासून मोजा: किमान पाच मिनिटं, चढानंतर दहा. ‘निघायचं का?’ हे सगळ्यांसमोर त्यालाच विचारू नका, तो नेहमी हो म्हणणार. घड्याळ बघून निघा.

मार्ग निवडतानाच निम्मं काम होतं. मिश्र ग्रुपसाठी माझी पहिली पसंती वेळेवर परतण्याच्या राइडला. सगळे एकाच रस्त्याने निघतात आणि ठरलेल्या वेळी, समजा ७५ मिनिटं झाली की, जो जिथे असेल तिथून मागे वळतो. वेगवान माणूस तोवर ३० किलोमीटर गेलेला असतो, हळू माणूस २०. परत सगळे जवळजवळ एकाच वेळी पोचतात आणि कुणाला कुणासाठी थांबावं लागत नाही. अट एवढीच की जाताना उतार आणि येताना चढ असा रस्ता नको, नाहीतर हळू माणसाचं गणित परतीला बिघडतं. शिवाय एकटं कुणी जायचं नाही, किमान जोडीने. जाताना समोरचा वारा आणि येताना पाठवारा असेल तर उत्तम.

दुसरा पर्याय म्हणजे एकाच थांब्याभोवतीचे दोन-तीन छोटे फेरे. दमलेला एका फेऱ्यानंतर थांबतो, बाकीचे पुढचा फेरा मारून तिथेच परत येतात.

एका तुकडीत आठ-दहाच्या वर माणसं नकोत. तुमच्या सोळांच्या दोन तुकड्या करा, पण मध्ये एक थांबा सामायिक ठेवा. एक तुकडी २५ च्या सरासरीने ५० किलोमीटर करेल, दुसरी १८ च्या सरासरीने ३६. चालवण्याचा वेळ दोघांचा दोन तासच, फक्त पहिलीला लांबून फिरवून आणायचं.

रस्ता अनोळखी असेल तर वळणावर माणूस उभा करायची पद्धत वापरा. वळण आलं की लीडर आपल्या लगेच मागच्याला हाताने जागा दाखवतो. तो तिथे थांबतो, येणाऱ्या प्रत्येकाला दिशा दाखवतो, आणि सर्वांत मागचा रक्षक, म्हणजे स्वीप, आला की त्याच्या पुढे रांगेत शिरतो. याने वेगवान माणसं आपोआप मागे येत राहतात आणि पुन्हा पुढे जायला त्यांना कारणही मिळतं. ही पद्धत फसते ती वळणावरचा माणूस ‘आता सगळे गेले असतील’ म्हणून निघून जातो तेव्हा. मागे कुणाचं पंक्चर काढायला वीस मिनिटं लागली तरी स्वीप दिसल्याशिवाय हलायचं नाही. स्वीप दुरून ओळखू यावा म्हणून त्याला भडक रंगाचं जाकीट द्या, आणि वळणावर नवख्याला उभं करू नका.

स्वीप हा ताकदीचा, पंक्चर काढता येणारा आणि मुख्य म्हणजे गप्पा मारत चालणारा, घाई न करणारा माणूस हवा. त्याच्याकडे लीडरचा नंबर असलाच पाहिजे. शक्य असेल तर स्वीप दोन ठेवा, म्हणजे कुणाला अर्ध्यातून परतायचं असेल तर एक जण त्याच्यासोबत जातो आणि ग्रुपच्या मागे दुसरा उरतो. निघताना आणि प्रत्येक थांब्यावर डोकी मोजा. बॅटरीवाली सायकल असलेला कुणी असेल तर त्याला स्वीप करून बघा, पुढे-मागे फेऱ्या मारणं त्याला सोपं जातं. अनेक देशांत या सायकलींची मोटर ताशी २५ किलोमीटरला बंद होते. त्यामुळे चढावर पुढे असलेला हाच माणूस वेगवान सपाटीवर वजनदार सायकल ओढत मागे पडतो, हे ध्यानात असू द्या.

कोण कुठल्या तुकडीत, हे ठरवताना ‘तुझी सरासरी किती?’ असं विचारू नका. लोक आपला सर्वात चांगला दिवस सांगतात, तोही पाठवारा असलेला. गेल्या महिन्यात एका दमात सर्वात लांब किती चालवली आणि पाय न टेकवता किती वेळ चालवता येते, हे विचारा. राइडमध्ये बोलणं ऐका. पूर्ण वाक्य बोलतोय तोवर ठीक, दोन-दोन शब्दांवर आला की वेग जास्त होतोय. अचानक गप्प होणं, पाणी प्यायचं विसरणं, लहानशा उंचवट्यावरही दोन सायकलींचं अंतर पडणं, ही पुढची लक्षणं. अंतर पडायला लागताच वेग दोनने उतरवा. ते पन्नास मीटर होईपर्यंत वाट पाहिलीत तर उतरवूनही उपयोग नाही, तो तोवर रिकामा झालेला असतो.

‘कमी दमाचा’ वाटणारा माणूस कित्येकदा सायकलमुळे मागे असतो. निघण्याआधी दहा मिनिटं काढा. चाक उचलून फिरवा, ब्रेक घासत असेल तर ते लगेच अडखळतं. टायरमधली हवा बघा, जाड टायरमध्ये ती हमखास कमी असते. सीट खाली असणं हे तर नवख्यांचं ठरलेलं दुखणं: पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. सीटचा दांडा त्यावरच्या मर्यादेच्या खुणेपलीकडे मात्र वर काढू नका. आणि गिअर. मिनिटाला पन्नास फेरे जड गिअरमध्ये रेटणाऱ्याला गिअर हलके करत ऐंशीच्या आसपास फिरवायला सांगा. एवढ्यानेच तो जास्त वेळ टिकतो.

ट्यूब प्रत्येकाने आपल्याच मापाची बाळगावी, दुसऱ्याची बसेलच असं नाही. ग्रुपकडे दोन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हला (बारीक प्रेस्टा आणि जाड श्रेडर) चालणारा पंप, टायर काढायच्या पट्ट्या, पॅच, ॲलन-की संच, चेन जोडायचं टूल आणि चाकं नटाने बसवलेली असतील तर १५ मिलिमीटरचा पाना. पंक्चर झालं की तिघं थांबतात, बाकीचे पुढच्या थांब्याला जातात. रस्त्यात सोळा जणांनी गोल करून बघत उभं राहू नये. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवून काटा शोधा, नाहीतर पुन्हा तेच.

राइडच्या सूचनेत ‘सोपी’, ‘नवशिक्यांसाठी’ असले शब्द टाळा, आकडे द्या. उदाहरणार्थ:

अंतर ४० किमी, एकूण चढ २५० मीटर.
सपाटीवर वेग १८ ते २०, याहून जास्त नाही.
तीन थांबे: १२, २२ आणि ३१ किमीवर. शेवटचा पोचल्यावर पाच मिनिटांनी निघू.
मागे पडलेल्यासाठी थांबू, स्वीप सोबत असेल.
२२ किमीवरून परतीचा जवळचा रस्ता आहे.
एकूण वेळ तीन तास.

एकूण वेळ लिहाच. १८ च्या सरासरीने ४० किलोमीटरला सव्वादोन तास लागतात, पण थांबे आणि एखादं पंक्चर धरलं की तीन तास सहज होतात. घरी काय सांगून यायचं हे लोक त्यावर ठरवतात.

राहिले तुमचे तीन-चार वेगवान. मिश्र राइडमध्ये त्यांना चढाचे दुहेरी फेरे, वाऱ्यात लांब पाळ्या आणि स्वीपची जबाबदारी द्या. पण त्यांची भूक तेवढ्याने भागणार नाही. दर चार राइडमागे एक त्यांच्यासाठी वेगळी ठेवा आणि तिच्या सूचनेत स्पष्ट लिहा: वेग ३०, मागे पडलेल्यासाठी थांबणार नाही, मार्गाची फाइल आपापल्या फोनमध्ये घेऊन या.