जपानला पहिल्यांदाच जाताना कोणती तयारी करावी?

व्हिसा आणि तिकिटांची व्यवस्था झाली आहे असे गृहीत धरून मी औषधांपासून सुरुवात करतो, कारण दुर्लक्ष बहुधा तिथेच होते. भारतात सर्दी-खोकल्यासाठी मिळणाऱ्या काही औषधांतील स्यूडोएफेड्रिन किंवा कोडीन यांचे प्रमाण जपानच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर ती तशीच सोबत नेता येत नाहीत. म्हणून प्रत्येक औषधातील घटक आधी तपासावेत, गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी जवळ असू द्यावी.

आपण शाकाहारी असाल, तर निव्वळ भाज्यांच्या दिसणाऱ्या सूपमध्येही पुष्कळदा ‘दाशी’ (सूपचा मूळ अर्क) असते आणि ती बहुतेक वेळा सुकवलेल्या माशांपासून केलेली असते, हे लक्षात ठेवावे. माशांचा अर्कही चालत नाही, असे जपानी भाषेत लिहिलेले कार्ड दाखवणे मला तोंडी विचारण्यापेक्षा कितीतरी भरवशाचे वाटते.

तेथील वीज १०० व्होल्टची असून सॉकेट दोन चपट्या पिनांचे असते, त्यामुळे अडॅप्टर इथूनच घ्यावा. पासपोर्ट मात्र हॉटेलच्या खोलीत ठेवून फिरायला जाऊ नये. परदेशी पर्यटकाने तो सतत जवळ बाळगणे तेथे कायद्यानेच बंधनकारक आहे.