शिकवू दे, पण नोकरी सोडू नको म्हणावं

प्रश्न: माझी मुलगी अमेरिकेत एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, प्रोबेशन विभागात सहा वर्षं ऑफिसर आहे. तुरुंगाऐवजी बाहेर ठेवलेले गुन्हेगार कोर्टाच्या अटी पाळतात का, यावर देखरेख ठेवायचं हे काम. क्रिमिनल जस्टिसमध्ये, म्हणजे पोलीस, कोर्ट, तुरुंग यांच्या अभ्यासात, मास्टर्स केलंय. गेल्या सेमिस्टरपासून आठवड्यातून एक संध्याकाळ जवळच्या विद्यापीठात पदवीच्या मुलांना हाच विषय शिकवते. आता म्हणते, नोकरी सोडते आणि दोन विद्यापीठांत मिळून चार कोर्स घेते. पीएचडी नाही, तरी मुलं तिला प्रोफेसर म्हणतात. नातेवाइकांना काय सांगावं तेच कळत नाही. तिला अडवावं का? – एक आई

नमस्कार ताई,

अडवू नका, हिशेब मांडायला सांगा. शिकवणं तिला गोड लागलंय, हे चांगलंच. पण घरभाडं, विमा, पेन्शन हे सगळं दुसरीकडून भागतंय, म्हणूनही ती संध्याकाळ एवढी आनंदाची जाते. नोकरी गेली की त्याच संध्याकाळीवर घर चालवायचं ओझं येईल.

तिच्या कामाला तिकडे अ‍ॅडजंक्ट म्हणतात. करार एका सेमिस्टरचा, पैसे कोर्सप्रमाणे. आरोग्य विमा बहुधा नसतो. पुरेशी मुलं आली नाहीत, तर वर्ग सुरू व्हायच्या तोंडावर कोर्स रद्द होतो. उदाहरणादाखल कोर्सचे ४,००० डॉलर धरू. खरा आकडा तिला घालू द्या. तीन क्रेडिटचा कोर्स म्हणजे साधारण १५ आठवडे, आठवड्याला ३ तास: ४५ तास. नवा कोर्स असेल तर तासामागे दोन तास तयारी: ९०. पस्तीस मुलांचे तीन-तीन पेपर, प्रत्येकी २० मिनिटं: आणखी ३५. झाले १७० तास, म्हणजे तासाला साडेतेवीस डॉलर. वर्षात आठ कोर्स मिळाले तरी ३२,००० डॉलर, तेही कर कापायच्या आधी. दोन विद्यापीठांमधल्या धावपळीचा वेळ मी धरलेलाच नाही.

पीएचडीचं म्हणाल, तर त्यात लपवण्यासारखं काही नाही. मास्टर्स आणि विषयातले १८ पदव्युत्तर क्रेडिट असले, की बऱ्याच विद्यापीठांत पदवीचे वर्ग घेता येतात. शिवाय या विषयाची घडणच तशी आहे. पोलिसांनी कॉलेजात शिकावं, हा आग्रह कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराचे पोलीसप्रमुख ऑगस्ट वोल्मर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच धरला होता. पुढे १९६८ च्या कायद्यानं पोलिसांच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारचा पैसा आला आणि कॉलेजांतून या विषयाचे विभाग भराभर उघडले. शिकवायला अनेक ठिकाणी आजी-माजी पोलीसच. तास म्हणजे चौकीतल्या गप्पा, अशी टीकाही तेव्हापासूनची.

ही टीका तिनं मनावर घ्यावी असं मला वाटतं, कारण मुलांना किस्से आवडतात आणि शिक्षकाला टाळ्या. गिडियन खटल्यातला अमेरिकी सुप्रीम कोर्टाचा १९६३ चा निकाल पुस्तकात असतोच: गंभीर गुन्ह्यातल्या गरीब आरोपीला सरकारनं वकील द्यायचा. पण तिथल्या बहुतेक शिक्षा खटला न चालताच, गुन्हा कबूल करायच्या वाटाघाटीतून ठरतात. त्यातली कितीतरी माणसं शेवटी प्रोबेशन ऑफिसरच्या टेबलासमोर येऊन बसतात. वकील मिळाला, तरी त्यानं दहा मिनिटांत काय समजावलं, अटींच्या कागदावर सही करताना माणसाला त्यातलं किती कळलं, बस चुकल्यामुळे भेट हुकली तर ऑफिसर काय करते, हे ती शिकवू शकते. किस्सा त्या प्रश्नाला टांगलेला असेल तर शिकवणं, नाहीतर नुसत्या गप्पा.

एक गोष्ट तिला आजच विचारा: या कामाची विभागाकडून लेखी परवानगी घेतली आहे ना? तिच्या देखरेखीखालचा एखादा माणूस उद्या तिच्याच वर्गात नाव घालू शकतो. त्याला मार्क देणार ती आणि कोर्टात अहवाल देणारही तीच, असं चालायचं नाही. दोन्हीकडे आधी कळवायला हवं. आणि ओळख पटेल अशी कुठलीच केस वर्गात नको.

पूर्णवेळ शिकवायचंच असेल, तर चार तुकडे जोडून ती नोकरी होत नाही. अ‍ॅडजंक्टचा अनुभव अर्जात बरा दिसतो, पण विद्यापीठातल्या कायम जागेसाठी सहसा पीएचडी आणि संशोधन लागतं. पीएचडीला चार ते सहा वर्षं धरा. अनेक ठिकाणी फी माफ होते आणि वर विद्यावेतनही मिळतं. दुसरी वाट कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे तिकडच्या दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजची. तिथे मास्टर्सवर पूर्णवेळ जागा निघतात, भर शिकवण्यावर असतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तीच तिची वाट वाटते. तोवर नोकरी राहू द्यावी, सेमिस्टरला एकच कोर्स घ्यावा आणि तोच पुन्हा मागून घ्यावा. दुसऱ्यांदा तयारीचा वेळ निम्म्यावर येतो.

आणि नातेवाइकांना ‘प्रोबेशन ऑफिसर आहे, संध्याकाळी विद्यापीठात शिकवते’ असं सांगा. कुणी प्रोफेसर म्हणालंच, तर दुरुस्त करत बसू नका.