जहाजाच्या ब्लास्टिंगमध्ये वापरलेली ग्रिट पुन्हा वापरता येते का?

येते, पण कोणती ग्रिट (गंज आणि जुना रंग काढायला हवेच्या जोराने जहाजावर मारतात ते खरखरीत दाणे) आहे त्यावर सगळं ठरतं. स्टील ग्रिट शंभराहून जास्त वेळा वापरता येते. म्हणून ती बंद शेडमध्ये वापरतात. उघड्यावर, त्यातून पावसाळ्यात, ती गंजून गोळे होते. गार्नेट हे कठीण खनिज साधारण तीन ते पाच वेळा चालतं. कॉपर स्लॅग (तांबं वितळवताना उरणारी मळी) मात्र आदळताच फुटतो, म्हणून बहुधा एकदाच.

गार्नेट पुन्हा वापरायचं तर आधी वाळवायचं, चाळायचं, चुंबकाने गंजाचे तुकडे काढायचे आणि हवेच्या झोताने धूळ उडवायची. लोक चुकतात ते मिठात. ड्रायडॉकच्या (पाणी काढून कोरड्या केलेल्या गोदीच्या) तळावरून गोळा केलेल्या ग्रिटमध्ये समुद्राचं मीठ असतं. ते पत्र्यावर राहिलं की नव्या रंगाला फोड येतात. त्यामुळे चाळून भागत नाही, ग्रिट पाण्यात भिजवून त्या पाण्याची विद्युतवाहकता तपासावीच लागते (मीठ जास्त तर ती जास्त).

वाया गेलेला स्लॅग सिमेंटच्या भट्टीत लोहाचा स्रोत म्हणून जातो. सिंगापूरमध्ये गोद्यांमधला स्लॅग धुऊन काँक्रीटमध्ये वाळूऐवजी वापरतात.

खरी अडचण ग्रिटची नसून तिच्यात मिसळलेल्या रंगाची आहे. जहाजाच्या तळाच्या रंगात तांबं असतं, जुन्या जहाजांवर शिसं आणि टीबीटीसुद्धा (तळाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून रंगात घालत ते विषारी रसायन, 2008 पासून जागतिक कराराने बंद आहे). म्हणून ढिगाचा नमुना प्रयोगशाळेत देऊन विषारी धातू किती झिरपतात ते बघा. तोवर ढीग झाकून ठेवा आणि कुणाच्या जमिनीत भरावाला तर अजिबात देऊ नका.